एका उताऱ्याचा उपदेश कसा होतो

बायबलमधील नहेम्याच्या पुस्तकातील आठव्या अध्यायात एक प्रसंग आहे. बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमात पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात, शास्त्री एज्रा सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवतो आणि लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, जमलेल्या लोकांमध्ये फिरून वाचलेल्याचा अर्थ उलगडतात, जेणेकरून सर्वांना तो समजावा. ख्रिस्ती उपदेशाची इतकी थोडक्यात आणि इतकी नेमकी व्याख्या दुसरीकडे क्वचितच सापडेल: आधी वाचन, मग अर्थ आणि त्यानंतर लोकांना समजणे. लूकच्या चौथ्या अध्यायात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाच्या ग्रंथातून वाचतो, खाली बसतो आणि हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असताना पूर्ण झाला आहे, असे सांगतो. त्या ‘आज’मुळे पहिल्या व्याख्येत एक मोलाची भर पडते. उपदेशकाला ‘तेव्हा’पासून ‘आज’पर्यंत जायचे असते. फसलेल्या उपदेशांपैकी काही ‘तेव्हा’तच अडकून इतिहासाचा तास होतात, तर काही ‘तेव्हा’ला स्पर्श न करताच ‘आज’वर बोलू लागतात आणि त्यांचे चांगल्या शब्दांतले वैयक्तिक मत होते.

दुसरा प्रकार आपल्याकडे अधिक आढळतो, कारण तो सोपा आहे. सांगायचे काय ते उपदेशकाने आधीच ठरवलेले असते आणि मग त्या विचाराला आधार म्हणून एखादे वचन शोधले जाते. यिर्मया 29:11 या वचनाचे जे झाले आहे ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, या आशयाचे हे वचन नववर्षाच्या शुभेच्छापत्रांवर असते, दहावीच्या मुलांच्या निरोप समारंभात असते आणि नवीन दुकानाच्या प्रार्थनासभेतही असते. मात्र ते बाबेलच्या बंदिवासात असलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. त्याच पत्रात पाचव्या ते सातव्या वचनांमध्ये त्या लोकांना घरे बांधा, बागा लावा आणि ज्या शहरात तुम्हांला नेले आहे त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हयातीत परत जाणे होणारच नव्हते. एवढे लक्षात घेतले की या वचनावरचा उपदेश बदलतो. तो परीक्षेतील यशाची हमी राहत नाही. दीर्घ प्रतीक्षेत आणि परक्या गावात विश्वासाने कसे राहावे, याविषयीचा होतो. नोकरीसाठी गाव सोडून पुण्यात किंवा आखाती देशात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला हा दुसरा उपदेश अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

म्हणून उतारा कसा निवडला जातो, यालाही महत्त्व आहे. कॅथोलिक मिस्सेत, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनाविधीत, हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो, कारण रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रानुसार ठरलेली असतात आणि प्रवचन त्या वाचनांशी बांधलेले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनाविधीवरील संविधानात प्रवचन हा उपासनेचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. मिस्सेतले प्रवचन दीक्षित सेवकानेच द्यावे, असा त्या मंडळीचा नियम आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये काही ठिकाणी ठरलेली वाचने असतात, तर काही ठिकाणी निवड पूर्णपणे उपदेशकावर सोपवलेली असते आणि पाळकसाहेब परगावी असले की एखाद्या शिक्षकाला किंवा बँकेत नोकरी करणाऱ्या बहिणीलाही संदेश देण्याची विनंती होते. निवड मोकळी असेल, तर एखादे पुस्तक क्रमाने घेण्याची जुनी पद्धत मला सर्वांत सुरक्षित वाटते. धर्मसुधारक झ्विंग्लीने 1 जानेवारी 1519 रोजी झुरिचमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानापासून अशी सुरुवात केली होती. दुसरा धर्मसुधारक कॅल्विन याला 1538 मध्ये जिनिव्हातून घालवून देण्यात आले आणि 1541 मध्ये परत बोलावण्यात आले, तेव्हा त्याने झाल्या प्रकाराविषयी व्यासपीठावरून तक्रार न करता पूर्वी जिथे थांबला होता तिथूनच पुढचा भाग उलगडायला घेतला. क्रमाने जाण्याचा मोठा लाभ असा की उपदेशकाला आवडत नसलेले, अवघड किंवा त्याच्यावरच उलटणारे उतारेही त्याला टाळता येत नाहीत.

आता एक उतारा प्रत्यक्ष घेऊ: मार्क 10:46–52, यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय. तो येशूला हाका मारतो, गर्दी त्याला दटावते, येशू थांबून त्याला बोलावतो आणि त्याला दृष्टी मिळते. सात वचनांची ही गोष्ट रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते आणि नेमके तेच तिच्यावर उपदेश करताना अवघड ठरते, कारण माहीत असलेली गोष्ट आपण वाचत नाही, आठवतो. पहिले काम म्हणजे हा उतारा मोठ्याने, सावकाश आणि पुन्हा पुन्हा वाचणे, शक्य असेल तर दोन वेगवेगळ्या मराठी भाषांतरांमधून. या टप्प्यावर टीकाग्रंथ, म्हणजे बायबलवरची भाष्ये, उघडू नयेत आणि यूट्यूबवर दुसऱ्यांनी काय सांगितले तेही ऐकू नये. कागदावर फक्त प्रश्न लिहावेत. गर्दी त्याला का दटावते? येशू स्वतः त्याच्याकडे न जाता इतरांना त्याला बोलवायला का सांगतो? आंधळ्याला काय हवे आहे हे उघड असताना, मी तुझ्यासाठी काय करावे, असे का विचारतो? बार्तीमय आपले वस्त्र का टाकतो? दृष्टी मिळाल्यावर तो घरी का जात नाही?

दुसरे काम म्हणजे उताऱ्याच्या मागेपुढे पाहणे. बहुतेक उपदेश इथेच घडतात किंवा बिघडतात. बार्तीमयाच्या लगेच आधी, पस्तिसाव्या वचनापासून, जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूकडे काही मागायला येतात आणि येशू त्यांनाही जवळपास त्याच शब्दांत विचारतो: मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे? ते गौरवात उजवीकडची आणि डावीकडची जागा मागतात आणि त्यांना सांगितले जाते की तुम्ही काय मागत आहात हे तुम्हांला समजत नाही. त्यानंतर काही वचनांतच तोच प्रश्न रस्त्याकडेच्या भिकाऱ्याला विचारला जातो. मार्कने ही दोन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली आहेत. आणखी थोडे मागे गेले की आठव्या अध्यायात बेथसैदाचा आंधळा दिसतो, ज्याला दृष्टी दोन टप्प्यांत येते. तिथून यरीहोपर्यंतच्या भागात येशू आपल्या मरणाविषयी तीन वेळा बोलतो आणि तिन्ही वेळा शिष्य गोंधळतात. म्हणजे न समजणाऱ्या शिष्यांच्या या भागाच्या एका टोकाला एक आंधळा आहे आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. नंतर अकराव्या अध्यायाच्या आरंभी यरुशलेम येते. यरीहो ते यरुशलेम हे सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर असून वाटेत जवळजवळ एक हजार मीटरची चढण आहे. बार्तीमय येशूच्या मागे वाटेने चालू लागला, असे मार्क लिहितो, तेव्हा ती वाट वधस्तंभाकडे जाणारी असते.

वस्त्राचा प्रश्न याच रीतीने सुटतो. ते वस्त्र म्हणजे पाप, ते टाका आणि येशूकडे या, असे स्पष्टीकरण मी अनेक ठिकाणी ऐकले आहे. ऐकायला ते छान वाटते, पण मार्क तसे कुठेही म्हणत नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे अशी आज्ञा आहे, कारण गरिबाच्या अंगावर घ्यायला तेवढेच असते. भिकाऱ्याने आपले एकमेव वस्त्र टाकून उठणे म्हणजे होते नव्हते ते सोडणे. मार्कच्या याच दहाव्या अध्यायात सतराव्या वचनापासून एक श्रीमंत मनुष्य येतो, ज्याला आपली मालमत्ता सोडवत नाही आणि जो खिन्न होऊन निघून जातो. ही तुलना उताऱ्यातूनच पुढे येते, तिच्यासाठी वस्त्राला पाप म्हणण्याची गरज पडत नाही.

एवढे हाती आल्यानंतर टीकाग्रंथ, शब्दकोश आणि नकाशे उघडावेत. त्यातून कळेल की मत्तयने दोन आंधळ्यांचा उल्लेख केला आहे आणि लूकने ही घटना यरीहोजवळ येताना घडल्याचे सांगितले आहे. अभ्यास करणाऱ्याला हे फरक माहीत असावेत. व्यासपीठावर ते सांगावेत की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर नाही असेच असते, पण शास्त्राभ्यासाच्या वर्गात कोणी विचारले तर टाळाटाळ करू नये.

यापुढचे काम सर्वांत कठीण आहे आणि नवख्या उपदेशकांकडून तेच राहून जाते: संपूर्ण उपदेश एका वाक्यात लिहिणे. विषयाचे नाव लिहून भागत नाही. ‘विश्वास’ हा विषय झाला, वाक्य झाले नाही. आपल्या उताऱ्यासाठी ते वाक्य असे होऊ शकेल: येशू सर्वांना एकच प्रश्न विचारतो, आणि आपल्याला दिसत नाही हे ज्याला कळलेले असते तोच योग्य ते मागतो व येशूच्या वाटेने चालू लागतो. दुसरा उपदेशक वस्त्र आणि श्रीमंत मनुष्य घेऊन वेगळे वाक्य लिहील, तिसरा गर्दीकडे पाहील: लहान मुलांना दटावणारे शिष्य आणि भिकाऱ्याला दटावणारी गर्दी हे दोन्ही प्रसंग याच अध्यायात आहेत, आणि येशूपर्यंत जाणाऱ्यांना आपणच अडवतो का, हा मंडळीसाठी अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. तिन्ही उपदेश उताऱ्याशी प्रामाणिक आहेत, पण ते तीन वेगवेगळ्या रविवारचे उपदेश आहेत. तिन्ही एकाच वेळी सांगायला गेले की ऐकणारा एकही घरी नेत नाही. एक वाक्य ठरल्यावर बाकीचे, कितीही कष्टाने शोधलेले असले तरी, वहीत राहू द्यावे लागते. बाजूला ठेवलेली टिपणे तीन वर्षांनी तोच उतारा पुन्हा आला की उपयोगी पडतात.

ते वाक्य तपासण्यासाठी मंडळीतली माणसे नावानिशी डोळ्यांसमोर आणावीत. बार्तीमयाच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे. समोर दृष्टिहीन माणूस बसलेला असू शकतो आणि आंधळेपणा म्हणजे पाप किंवा अज्ञान, ही उपमा आपण सहज वापरून जातो. ती त्याच्या कानांनी ऐकून पाहावी. ज्याने वर्षानुवर्षे प्रार्थना करूनही दृष्टी मिळालेली नाही त्याला, तुझा विश्वास कमी पडला, असे सुचवणारे वाक्य आपल्या तोंडून निघत नाही ना, हेही पाहावे. उताऱ्याने जे वचन दिलेले नाही ते उपदेशकाने आपल्या अंगावर घेऊन देऊ नये.

मांडणीविषयी चौथ्या-पाचव्या शतकात होऊन गेलेल्या संत ऑगस्टीनचा सल्ला अजूनही टिकून आहे. तो धर्मात येण्यापूर्वी वक्तृत्वाचा शिक्षक होता. मिलानमध्ये तो प्रथम बिशप अँब्रोजचे बोलणे ऐकायला जाई ते त्याची शैली पारखण्यासाठी, आशयासाठी नव्हे. पण त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की शब्दांबरोबर आशयही मनात शिरत गेला. पुढे उपदेशकांसाठी लिहिताना त्याने सिसेरो या रोमन वक्त्याकडून घेतलेली तीन कामे सांगितली: शिकवणे, ऐकणाऱ्याला गोडी लावणे आणि त्याला हलवणे. त्यांपैकी शिकवण्याला तो अनिवार्य मानतो, कारण जे समजलेच नाही त्याने कोणी हलत नाही. आपल्या सभांमध्ये कधी कधी हा क्रम उलटलेला दिसतो. आवाज चढतो, डोळे पाणावतात आणि उताऱ्यात काय होते ते मात्र कोणालाच सांगता येत नाही.

मिशनरींकडून आपल्याकडे तीन मुद्द्यांचा साचा आला आणि तो इतका रुजला की तीन मुद्दे नसतील तर उपदेश अपुरा राहिला असे काही ज्येष्ठांना वाटते. मुद्दे असायला हरकत नाही. उताऱ्यातच तीन पायऱ्या असतील तर ते जरूर घ्यावेत. पण तिन्ही मुद्दे ‘वि’ने सुरू झाले पाहिजेत म्हणून विनंती, विश्वास आणि विजय अशी जुळवाजुळव सुरू झाली, की तिसऱ्या मुद्द्यापर्यंत बार्तीमय कुठल्या कुठे मागे पडतो. मराठी कानाला दुसरीही एक रचना परिचयाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) परिसरात कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हा वारसा ख्रिस्ती उपासनेत आणला. कीर्तनाच्या पूर्वरंगात एका पदाचे निरूपण होते आणि उत्तररंगात तोच विचार आख्यानातून उभा राहतो. रविवारच्या उपदेशासाठी झांजा-मृदंग आणण्याची गरज नाही, पण एकच विचार धरून ठेवणे, मध्येच ओळखीच्या पदाचा चरण येऊ देणे, आख्यानाला पूर्ण वेळ देणे आणि निष्कर्ष गोष्टीतूनच निघू देणे, एवढे त्या परंपरेतून सहज घेता येईल. बार्तीमयाची गोष्ट तर स्वभावतःच आख्यान आहे: धूळ, गलबला, हाक, दटावणी, त्याहून मोठी हाक आणि मग येशूचे थांबणे. तिचे मुद्दे पाडण्यापेक्षा ती नीट सांगावी आणि योग्य जागी थांबून ऐकणाऱ्यांना तोच प्रश्न विचारावा.

दृष्टांत कसा वापरावा हे नाथान संदेष्ट्याकडून शिकावे. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात तो दावीदाला गरिबाच्या एकुलत्या एका कोकराची गोष्ट सांगतो. दावीद संतापून निकाल देऊन मोकळा होतो आणि तेव्हाच त्याला समजते की तो मनुष्य आपणच आहोत. इथे गोष्ट हे कंटाळा घालवण्याचे साधन नाही, ऐकणाऱ्याला पळून जाता येऊ नये म्हणून ती सांगितलेली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, कोणा परदेशी उद्योगपतीच्या किंवा शास्त्रज्ञाच्या चमत्कारिक कथांमध्ये हे बळ नसते आणि त्यांतल्या पुष्कळशा खऱ्याही नसतात. सत्याविषयी बोलताना खोटी गोष्ट सांगणे शोभत नाही. मंडळीतल्या कुटुंबांचे प्रसंग नाव गाळून सांगणेही तितकेच घातक आहे. चाळीस घरांच्या मंडळीत ‘एक भगिनी माझ्याकडे आल्या होत्या’ एवढे म्हटले तरी माना त्या बाकाकडे वळतात आणि त्यानंतर पाळकसाहेबांकडे मन मोकळे करायला कोणी जात नाही.

भाषेबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. तारण, समेट, अभिषेक, पवित्रीकरण हे शब्द मंडळीत वाढलेल्यांना ओळखीचे आहेत, अर्थात ओळखीचे म्हणजे समजलेले असतातच असे नाही. त्यांना हाकलून लावू नये, पण एका उपदेशात असा एखादाच शब्द घेऊन तो साध्या वाक्यात उलगडावा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते सामान्य स्त्रियांना समजेल अशा मराठीत असावे हा त्यांचा आग्रह होता. संपूर्ण भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. संस्कृत इतके उत्तम जाणणाऱ्या विदुषीने अवघड मराठीचा मोह टाळला, हे आपल्यातल्या विद्वान उपदेशकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एक छोटी सूचना सर्वनामाविषयी: संपूर्ण उपदेश ‘तुम्ही’वर चालवू नये. उपदेशकही ऐकणाऱ्यांपैकीच एक असतो. जिथे खरोखर आव्हान द्यायचे असेल त्या एका जागेसाठी ‘तुम्ही’ राखून ठेवले, तर तिथे ते लागू पडते.

उपदेश लिहून वाचावा की टिपणांवरून बोलावा, याला एकच उत्तर नाही. स्पर्जनसारखा एकोणिसाव्या शतकातला लोकप्रिय उपदेशक लहानशा टिपणावर बोलत असे; अनेक थोर उपदेशक संपूर्ण मजकूर समोर ठेवत. नवख्याने पूर्ण लिहून काढावे, कारण लिहिताना विचारातल्या फटी दिसतात, आणि मग तो कागद बाजूला ठेवून पानभर टिपणांवरून बोलण्याचा सराव करावा. मात्र लिहिताना ते कानासाठी लिहावे. वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून वाक्ये आखूड ठेवावीत, ‘तो’ आणि ‘त्याने’ यांच्या गर्दीऐवजी बार्तीमयाचे नाव पुन्हा घ्यावे आणि मुख्य वाक्य तीन-चार वेळा येऊ द्यावे. वचनाचा संदर्भ देताना आधी पुस्तक, मग अध्याय, मग वचन सांगून पाने उलटण्याचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी. पत्र्याच्या छपराखाली आवाज घुमतो, तिथे मोठ्याने बोलण्यापेक्षा सावकाश बोलल्याने अधिक ऐकू जाते. शास्त्रवाचन जर दुसरे कोणी करणार असेल, तर त्याला उतारा आदल्या दिवशीच द्यावा, कारण अडखळत वाचलेल्या सात वचनांची भरपाई वीस मिनिटांच्या उपदेशाने होत नाही.

वेळेच्या बाबतीत शास्त्रातच एक इशारा आहे. त्रोवस या शहरात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. त्याला उठवायला पौल तिथे होता. पोप फ्रान्सिस यांनी 2024 मध्ये धर्मगुरूंना प्रवचन आठ मिनिटांपेक्षा लांबवू नका, नाहीतर लोक झोपी जातात, असे जाहीरपणे सांगितले. प्रॉटेस्टंट उपासनेत उपदेश हा मध्यवर्ती भाग असल्याने तिथे आठ मिनिटे कमी वाटतील. वीस ते पंचवीस मिनिटे पुरेशी आहेत असे माझे मत आहे. सावकाश बोलणारा मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलतो, म्हणजे वीस मिनिटांसाठी दोन हजारांच्या आसपास शब्द लागतात. उपदेश लांबतो तो बहुधा शेवटी, कारण सुरुवात ठरवलेली असते आणि शेवट ठरवलेला नसतो. ‘शेवटचे एकच सांगतो’ हे वाक्य तीनदा ऐकू आले की तसेच झाले आहे असे समजावे. शेवटची दोन वाक्ये आधीच लिहून, पाठ करून जावे आणि ती म्हणून झाली की प्रार्थनेला सुरुवात करावी.

उपासनेनंतर दाराशी हस्तांदोलन करताना सगळेच ‘संदेश छान झाला’ म्हणतात आणि त्यातून काहीही कळत नाही. त्यापेक्षा बुधवारच्या किंवा शुक्रवारच्या घरसभेत दोन-तीन जणांना, त्यांत एखादा शाळकरी मुलगा आणि एखादी वयस्कर आजी असावी, विचारावे की रविवारी काय ऐकले ते एका वाक्यात सांगा. त्यांची वाक्ये आपल्या वहीतल्या वाक्याशेजारी लिहून ठेवावीत. ती एकमेकांशी जुळत नसतील तर पुढच्या आठवड्यात नवीन दृष्टांत शोधण्याआधी काय गाळता येईल ते पाहावे.